वाळवंटातलं हिमवादळ, दर अर्ध्या तासाने

पुण्याहून निघताना माझ्या यादीत अकरा वस्तू होत्या आणि अकराही बॅगेत होत्या. बारावी मी सकाळीच काढून ठेवली होती, ती म्हणजे खसखस. माझा भाचा अविनाश दुबईला असतो. त्याच्या बायकोने, मेधाने, तीनदा फोन करून बजावलं होतं, "आत्या, मसाल्यातसुद्धा नको हं. इथे खसखस म्हणजे अफूचं बी, सरळ तुरुंग." चौऱ्याहत्तराव्या वर्षी अनारशांपायी तुरुंगात जायची माझी तयारी नव्हती. तन्वी, ईशान, माझ्या नातवंडांनो, तुमच्या अमेरिकेतल्या ओमाहाचा लांबचा प्रवास माझ्या गुडघ्यांना झेपला नसता. दुबई त्यांना चालली.

अविनाश अल बर्शात आठव्या मजल्यावर राहतो. बाल्कनीत कढीपत्त्याची एक कुंडी आहे आणि त्या एका कुंडीला ठिबक सिंचन आहे. "शेतकऱ्याचं रक्त आहे, आत्या," तो म्हणाला. त्याचे वडील, म्हणजे माझा भाऊ, चाळीस वर्षं बँकेत होते.

मी सारखी तुमची आठवण काढत होते. तिसऱ्या दिवशी मेधा म्हणाली, "आत्या, अमेरिका इथेच दाखवते. माणशी पन्नास दिरहॅम. म्हणजे अकरा-बाराशे रुपये."

"व्हिसा?"

"ऑनलाइन तिकीट."

यल्ला (चला) म्हणत अविनाशने गाडी काढली. अल ऐनच्या रस्त्याला तासभर गेल्यावर वाळूत हिरवा चौकोन दिसला, तिकीट लावून दाखवायचं शेत. गोठे खरे होते. गाईंना छतातून पाण्याचे फवारे मिळत होते आणि त्या आमच्यापेक्षा शांत होत्या. गोठ्यांच्या पलीकडे मोठी पाटी होती, 'एका झेक शेतकरी कुटुंबाचा इतिहास'. युरोपातल्या बोहेमिया प्रांतातून हे झेक लोक तुमच्या भागात गेले. तिथल्या प्रेअरीवर (झाडं नसलेल्या गवताळ मैदानावर) लाकूड मिळेना, म्हणून गवतासकट मातीच्या ढेपा कापून त्यांनी घरं रचली. त्यातलंच एक घर शेताच्या मालकांनी अमेरिकेत पाहिलं, त्यांना ते आवडलं, आणि वाळवंटात त्याची नक्कल उभी राहिली. माती फायबरची, गवत प्लॅस्टिकचं आणि घर वातानुकूलित. गवतावर 'गवतावर चालू नये' अशी पाटी. मागच्या दालनात दर अर्ध्या तासाने हिमवादळ.

वादळासाठी कोट भाड्याने मिळतात. माझ्या कोटाची चेन अर्ध्यावर अडकली आणि पुढचा इतिहास मी कोटातूनच पाहिला.

दारात गॅलिसवाली विजार, गवती हॅट आणि चिकटवलेली दाढी अशा वेशात एक गृहस्थ उभे होते. माझी साडी पाहून ते मराठीत म्हणाले, "काकू, कुठल्या तुम्ही?"

"पुण्याची. आणि तुम्ही?"

"मी दत्ताराम, गुहागरचा. इथे आत गेलो की वात्स्लाव." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आज जपून बोलायचंय. त्या पुढच्या बाकावरच्या गोऱ्या आजी आहेत ना, एमाबाई, त्या ह्याच घराण्यातल्या. खऱ्या. आपला इतिहास तपासायला अमेरिकेहून आल्यात. मॅनेजर म्हणाला, स्क्रिप्टबाहेर एक शब्द गेला तर खलास (संपलं). महिनाअखेर माझं कॉन्ट्रॅक्ट संपतंय आणि मुलीचं नर्सिंग अजून दोन वर्षं बाकी आहे."

"मग स्क्रिप्टबाहेर जाता कशाला?"

"दिवसातून आठ वेळा तेच तेच बोलायचं, काकू. तोंडातून घरचं निघतं."

कार्यक्रम सुरू झाला. वात्स्लावने नव्या जमिनीवर गुडघे टेकले, प्लॅस्टिकच्या गवताचं चुंबन घेतलं आणि 'हेच माझं घर' म्हटलं. टाळ्यासुद्धा ध्वनिमुद्रित होत्या. मॅनेजर कोपऱ्यात कागदावर बोट ठेवून एकेक ओळ मिळवून पाहत होता.

तेवढ्यात अविनाशच्या रियाने, वय वर्षं नऊ, हात वर केला. "बट डिड हिज वाइफ वॉन्ट टू कम?"

स्क्रिप्टमध्ये बायकोला एकच काम होतं, पाव भाजणं. दत्तारामांनी मॅनेजरकडे पाहिलं, रियाकडे पाहिलं, आणि हॅट काढली.

"नो, बेबी. वाइफ क्राइंग. हसबंड टेलिंग, ओन्ली टू इयर, देन वी गो होम. टू इयर फिनिश, अगेन टेलिंग, टू इयर. एव्हरी टाइम सेम."

"दत्ता!" मॅनेजर ओरडला. "सॉरी मॅडम, व्हेरी सॉरी. ये आदमी आज ही जाएगा."

एमाबाई काठी टेकत उठल्या. त्यांचं इंग्रजी सावकाश होतं, मला शब्दन् शब्द कळला. त्या म्हणाल्या, "जमिनीचं चुंबन माझ्या काकाने चर्चच्या स्मरणिकेत घातलं. आमच्याकडे माती तोंडात जायची ती वाऱ्याने. हा माणूस सांगतो ते मला आजीने स्वयंपाकघरात सांगितलं होतं. तिच्या आईने पलंगाखाली एकोणीस वर्षं पेटी भरून ठेवली होती." मग दत्तारामांकडे वळून त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नोबडी, मॅडम. माय हाऊस, सेम."

मला राहवेना. मी विचारलं, "मग गेल्या का त्या परत?"

"नाही. दोघंही तिथेच आहेत, चर्चच्या मागे. पेटीत पुढे आम्ही बटाटे ठेवायचो."

मॅनेजरचा चेहरा आधी पांढरा पडला, मग उजळला. "व्हेरी इमोशनल!" तो म्हणाला. "इसको शो में डालो. पीछे व्हायोलिन." पाच मिनिटांपूर्वी ज्या वाक्यांपायी नोकरी जाणार होती, तीच आता रोज आठ वेळा म्हणायची होती.

जेवणात कोलाची (मध्ये गोड सारण भरलेला गोल पाव) होती. मूळ सारण खसखशीचं असतं. इथे अर्थात खजूर होता. एमाबाईंनी एक घास घेतला आणि 'छान वाळवंटी आहे' असा अभिप्राय दिला. आम्ही दोघींनी खसखशीवर अर्धा तास बोलून घेतलं. तेवढ्याने तुरुंग होत नाही.

निघताना दत्ताराम गाडीपर्यंत आले. कॉन्ट्रॅक्ट वाढलं होतं, दोन वर्षांसाठी. "काकू, एक काम कराल? पुण्याला पोचलात की आमच्या घरी फोन करा. बायको, सुगंधा, महिनाअखेरीला वाट बघतेय. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल."

"तुम्हीच का सांगत नाही?"

"मी सांगितलंय, काकू. चार वेळा सांगून झालंय."

पुण्याला आल्यावर मी बॅग रिकामी केली, यादीवर खुणा केल्या आणि मग गुहागरला फोन लावला. सगळं नीट सांगितलं, मुलीच्या नर्सिंगसकट. पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"दोन वर्षं," सुगंधा म्हणाली. "बरं. पोरीचं तर होईल." मग म्हणाली, "काकू, आमचे हे त्या गोष्टीतल्या बाईचं मला हल्ली फोनवर सांगतात. तिचा नवरा दोन-दोन वर्षं म्हणायचा ना, ती. शेवटी गेली का हो ती आपल्या गावाला?"

मुलांनो, खोटं बोलू नये हे तुम्हाला मीच शिकवलं आहे, आणि ते मी मागे घेत नाही. पण त्या दिवशी मी म्हटलं, "ते काही त्या अमेरिकन बाईंनी सांगितलं नाही गं."

"विचारायचं होतं," सुगंधा म्हणाली, आणि मिक्सर पुन्हा सुरू झाला.