अगानेता उभी राहिली नाही

कॅनडातल्या मॅनिटोबाच्या सपाट मुलखात, गव्हाच्या शेतांमधल्या एका लाकडी प्रार्थनाघरात अगानेता वीबचा जन्म गेला. शेगडी पेटवायची, बाकं पुसायची, खिडकीत मरून पडलेल्या माश्या झाडायच्या. बाई तोंडाची फटकळ, पण खोटं बोलायला तिची जीभ रेटायची नाही.

तिथेच सगळं अडलं. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथात प्रभुभोजनाआधी पाळक विचारतात, ‘सगळ्यांशी समेट आहे ना?’ असेल त्याने उभं राहायचं. मग एकमेकांचे पाय धुवायचे, मग प्रभूच्या नावाची भाकर खायची; बसून राहील त्याने ती घ्यायची नाही. कुंपणावरून वर्षभर अबोला धरलेले शेजारीसुद्धा खुशाल उभे राहत. अगानेता बसून राही. महायुद्धात तिचा मुलगा कोर्नेलियस सैन्यात गेला, म्हणून शस्त्र न धरणाऱ्या या मंडळीने त्याला वाळीत टाकलं. तो तिकडेच मारला गेला, तेव्हा पाळक हार्डरनी त्याच्यासाठी प्रार्थनाही म्हटली नाही.

"अगं, उभी राहा की," शेजारी बसणारी टीना फ्रीसन दरवेळी कोपर मारायची. "आम्ही काय मोठे संत लागून गेलो?"

"दिसतंय ना. म्हणून तर बसलेय."

तरुण पोरं विनिपेग शहरात गेली, बाकं ओस पडली. प्रार्थनाघर बंद करायचं ठरलं. शेवटच्या प्रभुभोजनाची भाकर अगानेतानेच भाजली. आज तरी ती आपल्या तोंडात पडावी, असं तिला फार वाटत होतं.

हार्डरनी प्रश्न विचारला. सगळे उठले, ती बसलेली. तेव्हा म्हातारे हार्डर पाण्याचं भांडं घेऊन बायकांच्या बाजूला आले. पुरुषाने पुरुषाचे, बाईने बाईचे पाय धुवायचे, ही रीत त्यांनीच आयुष्यभर कडक राखलेली. ते तिच्यापुढे गुडघे टेकून बसले.

"अगानेता, चुकलं माझं. पोराचं नाव तरी घ्यायला हवं होतं."

तिने मोजे काढले, पाय धुऊ दिले. तिचे डोळे भरून आले होते. मग भाकरीचं ताट तिच्यापर्यंत आलं आणि तिने ते पुढे सरकवलं.

"माझ्यापुरतं मिटलं, हार्डरभाऊ," ती हळूच म्हणाली. "पण कोर्नेलियसच्या वाटची माफी मी कशी देऊ?"

हार्डरनी कोर्नेलियस वीब असं पूर्ण नाव घेऊन प्रार्थना म्हटली. स्वतः मात्र भाकर घेतली नाही. तिच्या शेजारी बाकावर बसून राहिले.