ग्लायडरच्या पंखावरचे माझे टाके

सुहृदहो, आज सकाळी आमच्या व्हर्जिनियातील एका लहानशा विमान-संग्रहालयातली माझी सेवा संपली.

निवृत्तीनंतर मी तेथे एका जुन्या अमेरिकी ग्लायडरचे पंख शिवीत होतो. त्याला इंजिन नाही, छत नाही. लाकडी सांगाडा, त्यावर सुती कापड आणि पुढे उघड्यावर एकच आसन. शिकवणारा जमिनीवरच राही. सोबती रबरी दोराने ओढून ते टेकडीवरून सोडत आणि शिकाऊ वैमानिक पहिल्या उड्डाणातही एकटाच असे.

पंखाच्या फासळ्यांना कापड शिवताना प्रत्येक टाक्याला गाठ मारावी लागते. प्रत्येक गाठीला मी एक नाम घेत असे.

आज आमच्या दुरुस्ती-विभागाची प्रमुख मानसी म्हणाली, "काका, सॉरी, पण ही अख्खी रांग उसवावी लागेल. गाठी सैल पडल्यात."

"अगं, हे आता उडणार कुठे आहे?"

"उडणार नाही, काका. पण उडू शकेल असंच करायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत."

तिचे खरे होते. माझे हात थरथरतात; हे काम आता माझ्याने होणार नाही. तिने कात्री चालवली, तेव्हा कापड मीच धरले होते.

घरी आल्यावर जपमाळही दोनदा हातातून निसटली.

हात थांबल्यावर सेवा कशाने करावी, हे आपल्यापैकी कोणास ठाऊक असल्यास कृपया लिहावे. शास्त्रे मी आयुष्यभर वाचली; आज त्यांतले एकही उत्तर मला पुरले नाही.