दुसऱ्यांचे उखाणे

एस.टी. सुरू होऊन घरघरत उभी होती आणि मी खिडकीतून मंदाला उखाणा सांगत होते. विंझरहून पुण्याला निघालेली मी, मांडीवर कपड्यांची पिशवी, पायाशी तांदळाचं गाठोडं; आणि खाली रस्त्यावर ओले केस तसेच सोडून पळत आलेली मंदा. शेजारच्या घरातली, माझ्याच वयाची. तिचं लग्न तोंडावर आलं होतं. "आगं, तू चाललीस, मंग माजा उखाना कोन करनार?" म्हणून तिनं खिडकीचे गज धरले ते सोडेना. कंडक्टर ओरडत होता, "ए बाई, गाडी काय तुज्या मांडवातली हाय व्हय?" मंदाचा होणारा नवरा संजय टेम्पो चालवतो एवढंच मला ठाऊक होतं. तेवढं पुरलं.

आरशाला गोंडा, टेम्पोला झेंडूची माळ,
संजयरावांचं नाव घेते, सोडा आता दार, झाली संध्याकाळ.

मंदानं तो पुटपुटत म्हणून बघितला आणि गाडी हलली. तिच्या मागं आई उभी होती. रडली नाही, हात हलवला नाही. गाडीबरोबर थोडी चालली आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर. आन कुनी फुकाट राबवाय लागलं तर न्हाई म्हन." आईनं बांधून दिलेला तांदूळ महिन्याभरात संपला. हे वाक्य अजून पुरतंय.

उखाणे करायचा नाद मला कधी लागला ते आठवत नाही. दहावीत असताना माझे वडील, आबा, गेले. त्याच्या आधीपासून मी ते करत होते. लग्न असो, हळदीकुंकू असो, डोहाळजेवण असो, बायका मला कोपऱ्यात ओढायच्या. प्रत्येकीला नवा हवा, दुसरीनं न घेतलेला, आणि वर आपल्या तोंडी शोभेल असा. मी आधी बाईकडं नीट बघायचे. लाजरी असली तर छोटी ओळ, म्हणजे संपेपर्यंत धीर टिकतो. तोंडाळ असली तर मध्ये थांबायला जागा ठेवायची, बाकीच्यांना हसता यावं म्हणून. शिंपी माप घेतो तसंच ते. बदल्यात कधी बुंदीचे लाडू मिळायचे, कधी बांगड्या, आणि कधी "किती गं हुशार" एवढंच.

आमच्या घरात मात्र वेगळीच तऱ्हा. आबा गेल्यावर आईला नाव घ्यायचा आग्रह कुणी करेना. उखाण्यांची वेळ झाली की आई "भाताला वाफ आली का बगते" म्हणून उठायची आणि मांडवामागच्या चुलीकडं जायची. वर्षानुवर्षं, प्रत्येक लग्नात, भाताला वाफ नेमकी तेव्हाच यायची. पुढं मी लग्न केलं नाही, त्यामुळं मलाही कुणी विचारेना. सगळ्या गावाला उखाणे पुरवणारं आमचं घर, आणि त्या घरातल्या दोघींची पाळी कधी यायचीच नाही. याचा मला राग यायचा. आईला यायचा की नाही ते तिनं कधी कळू दिलं नाही.

पुण्यात कात्रजला तिघींत मिळून एक खोली घेतली. पहिल्या नोकरीत मिक्सर, गिझर आणि इस्त्र्यांची वर्णनं लिहिली. मग एक दिवस नोकरी सोडली आणि खोलीत बसूनच कामं घ्यायला लागले. आधी वेबसाइट, जाहिराती, शाळांची माहितीपत्रकं. मग मोठमोठ्या माणसांची भाषणं. पहिलं भाषण लिहिताना मला हसूच आलं. अरे, हा तर उखाणाच! समोरचा माणूस बघायचा, त्याचा दम कुठं तुटतो ते ऐकायचं, टाळ्यांना जागा ठेवायची आणि आपण मांडवामागं थांबायचं. जे हे कॉलेजात शिकले ते माझ्यापुढं अडखळायचे, कारण माझं शिक्षण हळदीकुंकवात झालं होतं.

सुरुवातीला एका क्लायंटनं दहा लेख नमुन्यादाखल मागितले. पैसे नाहीत, पण ओळखी होतील म्हणाला. मी न्हाईच म्हटलं, फक्त शुद्ध मराठीत. पुढं माझा दर ऐकून लोक फोनवर गप्प व्हायला लागले. त्या गप्प होण्याला मी घाबरत नाही. ते भरून काढायची घाई केली की दर उतरतो, हे मी शिकले. आज कात्रजलाच माझं स्वतःचं घर आहे, बाल्कनीत तुळस आहे, आणि इन्व्हॉइस वेळेत पास झालं नाही तर मी पुढचा ड्राफ्ट पाठवत नाही.

विंझरला माझा चुलतभाऊ अजून विचारतो, "लिवून कुटं पैसं मिळत्यात व्हय? खरं सांग, काय करतीस?" आणि पुण्यात एका साहित्याच्या बैठकीत एक गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही लिहिता चांगलं, पण शेवटी लेखणी विकलीत." मी म्हटलं, विकली नाही, भाड्यानं दिली, आणि भाडं तुमच्या पेन्शनपेक्षा बरं येतं. हे वाचणाऱ्यांनो, तुम्ही जे गावाकडं राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे पिशवी घेऊन निघालात, दोघांनाही सांगते: कष्टाचे पैसे मागताना मान खाली घालू नका. भाताची लावणी करणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही की तू पैशासाठी वाकतेस का. मग मलाच का विचारता?

पण एक पान मी भाड्यानं दिलं नाही. दर शनिवारी मी इंटरनेटवर माझ्या नावानं लिहिते. त्याला क्लायंट नाही, ब्रीफ नाही, फीडबॅक मागितलेला नाही. पासलीच्या मावशीनं रानडुकराला कसं हुसकावलं, भाटघरच्या पाण्याकाठी वाढलेली माझी मैत्रीण पोहायला का शिकली नाही, असलं काहीबाही. वाचणारे मोजके, त्यातले निम्मे भांडायला येणारे. आठवडाभर मी दुसऱ्यांच्या घशातून बोलते. शनिवारी माझा आवाज शाबूत आहे ना ते बघते.

या पानावरच यंदा गदा आली.

माझे सगळ्यात मोठे क्लायंट म्हणजे एक कारखानदार साहेब. त्यांची सगळी भाषणं माझी. एका भाषणात मी माझ्या आईचं वाक्य घातलं होतं: रांधणारीनं आधी चव घ्यावी, मग वाढावं. साहेबांनी ते "माझी आई म्हणायची" असं म्हणून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. मी दिलं, पैसे घेऊन दिलं, त्याची मला लाज नाही. पण काही महिन्यांनी तेच वाक्य माझ्या शनिवारच्या पानात आलं, आणि खाली एकानं लिहिलं, "साहेबांच्या आईचं वाक्य चोरताना काही वाटत नाही का?" आईला फोनवर सांगितलं तर ती पोट धरून हसली. "आसू दे की. तिनं बी रांधलंच आसंल."

साहेबांच्या ऑफिसला हसू आलं नाही. वर्षभराचा नवा करार आला, आजवरचा सगळ्यात भरघोस, आणि त्यात एक अट: करार चालू असेपर्यंत मी स्वतःच्या नावानं काहीही प्रसिद्ध करायचं नाही. ऑफिसच्या मॅडम गोड बोलल्या. "ते शनिवारचं तुमची हॉबीच आहे ना? वर्षभर पॉज करा. कुणाला कळणारही नाही." शेवटचं वाक्य मला झोंबलं. तरी खोटं कशाला बोलू, मी करार लगेच परत पाठवला नाही. विंझरच्या घरावर पत्रा होता, तिथं स्लॅब टाकायचा होता. वर्षच तर आहे, असं मी स्वतःला समजावत होते. सोमवारी सही करून पाठवते असं कळवलं आणि चुलतभावाच्या मुलाच्या लग्नाला गावी गेले.

हायवे सोडून चेलाडीला वळल्यावर आता हॉटेलांच्या पाट्याच पाट्या. विंझरला मांडवात डीजे. नवी सून दारात आली तेव्हा पोरींनी दार अडवलं आणि तिनं मोबाईलवर शोधलेला उखाणा धडाधड म्हणून टाकला. मला तिथं काही काम उरलं नव्हतं. मग आत घरात बायकांची बैठक बसली आणि एकेकीला आग्रह सुरू झाला. माझी थोरली चुलती सगळ्यांना बोट दाखवत होती: आता तू, आता तू. बोट फिरत फिरत आमच्याजवळ आलं आणि सवयीनं आम्हाला ओलांडून पुढं गेलं. मी आईकडं बघितलं. आता ती भाताकडं जाणार.

आई उठली नाही. पदर सावरून म्हणाली, "माजा ऱ्हायला."

मला वाटलं, ही अडकणार. इतक्या वर्षांत तिनं उखाणा घेतलेला नाही. मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "आई, देऊ का एक करून?" माझ्या डोक्यात दोन ओळी तयारही झाल्या होत्या, अगदी तिच्या मापाच्या.

"तुजा नगं," आई म्हणाली. "माजा म्या केलाय."

आणि तिनं तो घेतला, सगळ्यांकडं बघत, सावकाश.

खाचरात लावला भात, बांधावर टोकली तूर,
दत्तोबांचं नाव घेते, गेलं आसतील लई दूर,
पर नाव माज्या तोंडात हाय, ते कुनाच्या बाच्यानं पुसायचं न्हाई.

कोपऱ्यातल्या एका विधवा बाईनं तोंडाला पदर लावला. चुलती चाचरत म्हणाली, "बाय, तिकडं भात करपल..."

"करपू दे," आई म्हणाली.

मग कुणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या, आणि कोपऱ्यातल्या त्या बाईलाही आग्रह सुरू झाला. भात खरंच लागला होता. आम्ही तो खाल्ला.

परत येताना एस.टी.त खिडकीशी बसून मी रडले. जगातल्या कुणालाही मी ओळी शिवून देईन, हवे तेवढे पैसे घेऊन देईन. पण माझ्या आईला तिची ओळ करायला इतकी वर्षं लागली, आणि मी माझी ओळ वर्षभरासाठी गप्प करायला निघाले होते. तेही "कुणाला कळणारही नाही" म्हणून.

सोमवारी ती अट खोडून करार परत पाठवला. मॅडमनी विचारलं, "अट ठेवून रक्कम वाढवली तर?" मी म्हटलं, प्रत्येक कामाचा दर मी सांगते, याला दर नाही. पुढं कित्येक दिवस फोन आला नाही. मी स्लॅबचा विचार सोडला, दुसरी कामं शोधायला लागले आणि शनिवारचं लिहीत राहिले. मग करार आला, अट काढून. तिच्या जागी एवढंच होतं की साहेबांना दिलेली वाक्यं मी पुन्हा वापरू नयेत. ते रास्त आहे. आहेर केलेली साडी आपण नेसायला मागू नये. मी सही केली.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी गोंधळायचे. कात्रज म्हणावं तर विंझरचा राग, विंझर म्हणावं तर तिथं माझं पांघरूणही उरलेलं नाही. आता गोंधळत नाही. जिथं मला दुसऱ्याच्या तोंडानं बोलावं लागत नाही ते माझं घर. त्याची एक खोली विंझरला आहे, तिच्यावर आता स्लॅब पडतोय. दुसरी शनिवारच्या पानावर आहे. तिथलं भाडं मी घेत नाही आणि देतही नाही.

त्या पानावर मी आईचा उखाणा टाकला, तिला विचारून, खाली तिचं पूर्ण नाव घालून. लग्नातली हकिगतही लिहिली. एक अक्षर दुरुस्त केलं नाही, आणि माझा धंदाच दुरुस्तीचा आहे. पहिली प्रतिक्रिया एका जाणकारांची आली: "भावना पोहोचल्या, पण तिसरी ओळ यमकात बसत नाही. थोडं काम करायला हवं होतं."

मी खाली लिहिलं, "करपू दे."