अँडच्या जागी ऑर

तालमीवरून जाताना तेल-ताक मुरलेल्या लाल मातीचा वास आला, की माझा हात आपोआप डाव्या कानावर जातो. मिरजगावजवळच्या एका जत्रेत कुस्त्यांच्या नोंदणीचं वेबपेज मी केलं होतं. आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिलाच, म्हणून जीव ओतून केलं होतं. पोरांच्या गटासाठी कोडमध्ये अट होती, वजन पन्नास किलोच्या आत अँड वय सोळाच्या आत. दोन्ही खरं असेल तरच पैलवानाच्या नावापुढे हिरवं ‘पात्र’ उमटायचं. भर उन्हात कमिटीचा म्होरक्या भाच्याला घेऊन मंडपात आला. पोरगं पंधराचं, पण काट्यावर सत्तर किलो भरलेलं. “वय बसतंय न्हवं? मग कर की हिरवं.” मी म्हणालो, “त्याला अँडच्या जागी ऑर घालावा लागंल, तात्या, म्हंजे दोन्हीतलं एक बसलं तरी पात्र. मग समोरच्या किडकिडीत पोराची मान मोडंल.” “मोडू दे! तुझ्या बापानं आमच्या रानात खुरपलं, अन् तू मला अटी सांगतो व्हय?” म्हणत त्यानं कानाखाली अशी ओढली, की मी खुर्चीसकट आडवा झालो. त्याची माणसं बरगड्यांत लाथा घालत होती, तोंडात रक्त आणि माती एक झाली होती, पण लॅपटॉप मी पोटाखालून सोडला नाही. तेवढ्यात कुस्त्या पुकारणाऱ्यानं मोबाईलवर तेच पेज उघडून भाच्याचं नाव भोंग्यावर वाचलं, “अपात्र!” साऱ्या जत्रेनं ते ऐकलं, आता हिरवं करून उपयोग नव्हता, आणि लाथा थांबल्या. आता मी नगरला कोडिंग शिकवतो. “सर, इथं अँड लावू का ऑर?” असं कुणी विचारलं, की मी उजवा कान पुढे करतो, डाव्यानं त्या दिवसापासून ऐकू येत नाही.