शीलाताईंचा रेणू गळत नव्हता

शीलाताईंनी घडवलेल्या रेणूत सूर्यप्रकाशाने भरलेले इलेक्ट्रॉन टिकत नाहीत, असं आमच्या विभागात कित्येक वर्षं मानलं गेलं. ते खरं नव्हतं. गळत होतं ते बाटलीचं बूच, आणि ते मी लावलं होतं. मागच्या महिन्यात त्यांच्या भाचीचा फोन आला, "काका, आत्या गेली." मी बसल्या जागी रडलो. त्या रडण्यात एक सुटका होती, हे लिहिताना संकोच वाटतो... पण त्या जाण्याआधी मी त्यांना सगळं सांगू शकलो होतो, आणि हे लिहायचं बळही मला त्यातूनच आलं आहे.

मी त्यांच्या प्रयोगशाळेत संशोधक विद्यार्थी म्हणून दाखल झालो तेव्हा त्या तरुणच होत्या. मूळच्या मौदा गावाकडच्या. दारातून आत येतानाच मोठ्यानं "जयभीम" म्हणायच्या आणि कुणाची बाटली कुठे चुकीची ठेवली आहे ते चप्पल काढता काढता सांगायच्या. ऊन साठवून ठेवायचं आणि रात्री वापरायचं, एवढाच त्यांचा ध्यास होता. रेणूवर प्रकाश पडला की त्यात एक इलेक्ट्रॉन येऊन बसतो. पण पाण्यातून हायड्रोजन काढण्यासारखं उपयोगाचं काम करायचं तर दोन लागतात, आणि दुसरा येईपर्यंत पहिला निघून जातो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हे समजावलं. "बर्डीच्या बाजारातले शेअर ऑटो पाहतो ना? एक सवारी बसते. ऑटोवाला म्हणते, अजून एक येऊ द्या. तोवर पहिली कंटाळून उतरून जाते. मले त्या पहिलीले बसवून ठेवायचं आहे."

"कसं बसवणार, ताई?"

"सीट चांगली पाहिजे गा. अजून काय."

ती सीट त्यांनी खरोखर बनवली. उन्हाळ्यात आम्ही बाटल्या गच्चीवर मांडायचो. सकाळी पिवळं असलेलं द्रावण दोन्ही इलेक्ट्रॉन बसले की गडद निळं व्हायचं. बाटलीत हवा मात्र अजिबात नको, कारण हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन लगेच हिसकावून घेतो. म्हणून रबरी बुचातून सुई घालून आतली हवा आरगॉन वायूनं घालवायची, आणि दर वेळी नवं बूच वापरायचं, हा ताईंचा नियम. एकदा वापरलेल्या बुचाला सुईची भोकं राहतात. मला हे माहीत होतं. पण मे महिन्याचं ऊन, नवी बुचं खाली भांडारात, आणि हाताशी जुन्यांचा डबा... रबर आपोआप मिटतं, असं मी स्वतःला सांगितलं. पुढेही तोच डबा वापरत राहिलो.

दुपारी निळ्या झालेल्या बाटल्या दुसऱ्या सकाळी पिवळ्या असायच्या. ताई त्या हातात धरून उभ्या राहायच्या. "बसली होती ना गा सवारी... मग उतरली काहून?" मी बाटल्या रिकाम्या करायला घ्यायचो. शेवटी विभागाच्या चर्चासत्रात त्यांनी उभं राहून प्रामाणिकपणे सांगितलं की रेणू गळतो. तो विषय त्यांनी सोडला.

त्यानंतर टेबल आवरताना मी एक जुनं बूच ताणून उजेडासमोर धरलं. आरपार उजेड आला. तेव्हाच धावत जायला हवं होतं. पण माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण 'हा रेणू का गळतो' यावर होतं. ते टाइप होऊन बांधणीला गेलेलं होतं. मी बूच फेकून दिलं. पुढे मी त्याच विभागात शिक्षक झालो, आणि दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं. ताई मात्र नव्या पोरांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "याले काही गुपित सांगू नका रे. माह्या रेणूसारखा गळतो हा." सगळे हसायचे. मीही हसायचो.

यंदा त्या आजारी पडल्या. रामदासपेठेतल्या दवाखान्यात भाची चहा आणायला गेली असताना मी सांगायला लागलो... मे महिना, भांडार, घाई, प्रबंध. त्यांनी मध्येच हात वर केला.

"हे कारण झालं. माफी कुठं आहे?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "आज काहून सांगून राहिला? मी चालली म्हणून?"

"हो, ताई."

त्यांनी तोंड पुन्हा माझ्याकडे वळवलं. मग म्हणाल्या, "बुचाचीच चूक होती, हे तरी नक्की आहे का तुले? आधी करून पाह्य. तोंडानं सांगितलेलं मी कधी मानलं का?"

त्यांच्या जुन्या पद्धतीनं मी तो रेणू पुन्हा बनवला. नवं बूच लावलं. दुपारी निळा रंग आला. रात्री मला झोप लागली नाही. सकाळी रंग होता, त्याच्या पुढच्या सकाळीही होता. ती बाटली रुमालात गुंडाळून मी दवाखान्यात नेली. ताईंनी ती खिडकीकडे धरली. मी हात पुढे केला, तरी त्यांनी ती मला धरू दिली नाही.

"बसून आहे गा," त्या हळूच म्हणाल्या. चेहरा असा सैलावला होता, की मी तसा कधी पाहिला नव्हता. मग बाटली परत देत म्हणाल्या, "आता जिथं मी रेणू गळतो म्हटलं, तिथंच सांग. मी येईन ऐकाले."

दवाखान्यातून घरी सोडल्यावर त्या विभागाच्या चर्चासत्राला खरंच आल्या. भाचीनं चाकाची खुर्ची पहिल्या रांगेशी लावली. मागे विद्यार्थी होते, निवृत्त झालेले काही जुने सहकारी होते. कारणांचं लिहून नेलेलं पान मी खिशातच ठेवलं.

"रेणू गळत नव्हता," मी म्हणालो. "जुनी बुचं मी वापरली. नंतर मला ते कळलं, आणि मी गप्प राहिलो. माझ्या प्रबंधातलं ते प्रकरण चुकीचं आहे. ताई, तुमच्या कामाची वर्षं माझ्यामुळे गेली. ती मला परत देता येणार नाहीत. माझं चुकलं. मला माफ करा."