न खाण्याजोगा आकार

ओट्यावर मेण सांडलं की लगेच पुसायला जाऊ नये, उलट जास्त पसरतं. गार होऊ द्यायचं, मग उलथन्यानं खरवडलं की पापुद्रा सुटून येतो. आमच्या मंडळाचे किस्से असेच साठलेत. घडत होते तेव्हा कुणालाही हसू आलं नव्हतं, मला तर नाहीच. आता जरा गार झालेत, म्हणून सांगते.

मंडळ म्हणजे काय, तर दोन बायका आणि एक गॅस. एक मी, नोकरी लवकर सोडून घरी बसलेली आणि बसून बसून वैतागलेली. दुसरी आमच्या समोरच्या फ्लॅटमधली वैशाली. ती मूळची वर्ध्याची, नवरा समीर आयटीत. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात वॅक्स मेल्ट करतो. बिनवातीची मेणबत्ती समजा. सुगंधी मेणाची छोटीशी वडी असते, ती वाटीत ठेवायची, वाटीखाली पणती लावायची. वडी वितळते आणि घरभर वास पसरतो. "वात कुठंय?" हा प्रश्न प्रत्येक जण एकदा विचारतोच.

आणि तिसरे मामाजी, वैशालीचे सासरे. विदर्भात सासऱ्यांना मामाजी म्हणतात. ती म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागले. सासूबाई गेल्यावर वर्ध्याचं घर विकून समीरनं त्यांना पुण्याला आणलं होतं. डायबिटीस, गोडाची जबरदस्त ओढ आणि हळूहळू सुटत चाललेली आठवण. जेवलेलं विसरायचे, भूक मात्र विसरायचे नाहीत.

*

पहिला साचा मोदकाचा होता. वैशालीच्या घरात होताच, सिलिकॉनचा, मऊ. केशर-वेलचीचं सुगंधी तेल घालून आम्ही पहिला घाणा काढला, तर काय सुरेख निघाला! एकेक कळी उमटलेली. फोटो काढायचे म्हणून ताटलीत रचून टेबलावर ठेवले आणि आम्ही दोघी मोबाईल शोधायला आत गेलो.

बाहेर आलो तर मामाजी अर्धा मोदक तोंडात घालून शांतपणे चावत होते. वैशालीनं धावत जाऊन त्यांच्या तोंडात बोट घातलं, होतं नव्हतं ते बाहेर काढलं, आणि आम्ही रिक्षात घालून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी घसा पाहिला, पोट दाबलं, आणि काय होतंय म्हणून त्यांनाच विचारलं. मामाजी जरा नाराजीनं म्हणाले, "सारण नाही टाकलं."

पोटात काही गेलं नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसाच्या घशात मेणाचा गोळा अडकला तर काय होईल, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. संध्याकाळी समीरनं ऐकलं आणि तो एकच बोलला. एकतर हा धंदा बंद, नाहीतर खडकवासल्याच्या पुढं वृद्धांना सांभाळणारं एक केंद्र आहे, तिथं मामाजींना ठेवायचं. तो आधीच चौकशी करून आला होता.

वैशालीला दोन्ही नको होतं. हे काम तिचं स्वतःचं होतं, पुण्यात आल्यापासूनचं पहिलं. आणि लग्नानंतर त्या घरात तिची बाजू घेऊन बोलणारा एकच माणूस होता, मामाजी. मग राहिलं काय? मामाजी खाणार नाहीत असा साचा शोधणं.

*

बोहरी आळीत एक दुकान आहे, केकचं आणि मेणबत्त्यांचं सगळं सामान मिळतं. मालकांचा चष्मा कपाळावर आणि नजर गिऱ्हाइकाच्या पलीकडे कुठंतरी. वैशालीनं त्यांना सांगितलं, "काका, खाण्यासारखा दिसणार नाही असा साचा दाखवा."

ते म्हणाले, "बाई, हे चॉकलेटचे साचे आहेत. खाण्यासारखं दिसणं हा त्यांचा धर्म आहे."

तिनं सगळी हकीकत सांगितली. तसा त्यांनी चष्मा खाली ओढला आणि एकेक साचा काढून समोर ठेवायला लागले. आम्ही दोघी प्रत्येकाचा मामाजींच्या नजरेनं विचार करत होतो. शिंपला काढला, तर ती करंजी. चपटी चकती म्हणजे अनारसा. गोल म्हणजे पेढा, लांबट म्हणजे काजू रोल, अस्वल म्हणजे बिस्कीट, आणि चौकोन तर उघडउघड वडी. काउंटर भरला तरी आम्ही मान हलवतोच आहोत. महाराष्ट्रात न खाण्याजोगा आकार उरलेलाच नाही हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी मालकांनी साचे परत डब्यात भरायला घेतले.

"सासऱ्यांनाच घेऊन या," ते म्हणाले. "मी दुकान उघडून बसलोय, परीक्षेला नाही बसलेलो."

आम्ही गुलाबाच्या फुलाचा साचा घेतला आणि निघालो.

*

गुलाबाची परीक्षा आम्ही शास्त्रशुद्ध घेतली. टेबलावर एक मेणाचं फूल ठेवलं आणि दोघी स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहिलो. मामाजी आले. त्यांनी फूल उचललं. वैशालीनं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. मामाजींनी फूल निरखलं, देव्हाऱ्याकडे गेले आणि ते देवापुढं ठेवलं. हात जोडले, खुर्चीवर जाऊन बसले.

आम्ही अक्षरशः एकमेकींच्या गळ्यात पडलो. चहा टाकला. समीरला मेसेजही करून झाला.

मग माझ्या डोक्यात आलं, देवापुढं ठेवलेलं घरात परत उचललं की ते काय होतं? तो प्रसाद! मी कप तसाच टाकून बाहेर धावले. मामाजी देव्हाऱ्यापुढं उभे होते, फूल तळहातावर घेतलेलं, कपाळाला लावून झालेलं आणि हात तोंडाशी आलेला. वैशालीनं ते हिसकावलं. मामाजींचा चेहरा असा झाला की माझ्याच्यानं बघवेना.

"परसाद हिसकते तू?" ते तिला म्हणाले. दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. समीरला केलेला मेसेजही तिला मागे घेता आला नाही, त्यानं तो वाचून अंगठा पाठवला होता.

*

मधे मी एक अक्कल चालवली. आकार राहू दे, वासच असा ठेवू की कुणी तोंडाजवळ नेणार नाही. कडुनिंब, कापूर आणि गवती चहा एकत्र केलं. घरात उभं राहवेना. मामाजींनी वडी नाकाशी नेली आणि म्हणाले, "वासच नाही इले." त्यांचं नाकही आठवणीबरोबरच चाललं होतं, हे आम्हाला तेव्हा समजलं. तो घाणा मी सोसायटीत वाटून टाकला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये विचारलं, "संडासासाठीच आहे ना हो ते?"

*

आता समीरचा किस्सा. तो हा सांगू देत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

आम्ही कॉफीच्या वासाच्या चौकोनी वड्या केल्या होत्या आणि मामाजींचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी, म्हणजे समीरच्या लॅपटॉपच्या मागच्या फळीवर, गार व्हायला ठेवल्या होत्या. समीर घरून काम करत होता. मीटिंग चालू, कॅमेरा चालू, दुपारचं जेवण राहिलेलं. बोलता बोलता त्याचा हात मागं गेला आणि एक वडी उचलून त्यानं सरळ तोंडात टाकली.

चावल्यावर त्याला कळलं. पण समोर सगळी टीम बसलेली, थुंकणार कुठं? गिळताही येईना. तेवढ्यात साहेबांनी त्यालाच काहीतरी विचारलं. हा नुसता डोळे मोठे करून बघतोय. पलीकडून आवाज आला, "समीर, यू आर ऑन म्यूट."

मामाजी समोरच सोफ्यावर बसले होते. त्यांनी पेपर खाली केला, मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मेण हाये बाप्पा ते. थुंक."

म्यूटवर तो नव्हताच, सगळ्या टीमनं ते ऐकलं. मी हसून हसून जमिनीवर बसले. वैशाली मात्र हसली नाही. ती मामाजींकडे बघत होती. त्यांना कधी कळतं आणि कधी कळत नाही, याचा काही नेमच नाही, आणि तिला भीती त्याचीच होती.

*

ती भीती खरी झाली. त्याच घाण्यातली एक वडी सोफ्याच्या फटीत पडली होती, कुणाच्या लक्षातही नव्हती. मी सकाळी त्यांच्याकडे गेले तेव्हा वैशाली बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. मामाजी सोफ्यावर होते, हात गळ्याशी, तोंड उघडं आणि आवाज नाही. मी किंचाळले. वैशालीनं येऊन त्यांना पुढं वाकवलं आणि पाठीत धपाधप मारत राहिली. "मामाजी, थुंका न जी, थुंका," एवढंच तिच्या तोंडी होतं. एकदाची वडी फरशीवर येऊन पडली. मामाजी खोकले, मग रडले. ती वडी उचलायचं धाडस बराच वेळ आमच्यापैकी कुणालाच झालं नाही.

समीर ऑफिसातून आला. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो घाबरला होता. त्यानं केंद्रात फोन लावला आणि सोमवार ठरवला. वैशाली म्हणाली, उद्यापासून मेण बंद, सगळं सामान काकूंच्या, म्हणजे माझ्या, घरी टाकते. तो म्हणाला, "मेण बंद केलंस तर ते साबण खातील. चोवीस तास कोण बघणार आहे त्यांच्याकडे, वैशू?" त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

*

सोमवारच्या आधी वैशालीनं एक शेवटचा साचा करायला घेतला. मेण आता माझ्या गॅसवर आलं होतं. दुकानातले साचे पुरे झाले, ती म्हणाली, आपला आपण करू. दोन बाटल्यांतलं सिलिकॉन एकत्र करायचं, डब्यात एखादी वस्तू ठेवून वर ओतायचं, घट्ट झालं की वस्तू काढून घ्यायची. वस्तू कुठली, तर मामाजी मेले तरी तोंडात घालणार नाहीत अशी.

अशी एकच होती. वर्ध्याच्या घराची लोखंडी किल्ली. घर विकलं, नव्या मालकानं दारसुद्धा बदललं, पण किल्ली मामाजींच्या बंडीच्या खिशात काळ्या दोऱ्याला बांधलेली असायची. ते आंघोळीला गेले तेव्हा वैशालीनं ती काढून आणली.

आंघोळ करून आल्यावर त्यांचा हात आधी खिशाकडे गेला. "माही किल्ली कोणं नेली?" त्यांनी गाद्या उचलल्या, तांदळाचा डबा उपसला, चपला झटकल्या. जेवले नाहीत. वैशाली माझ्या घरी येऊन डब्यात बोट टेकवून बघायची, सिलिकॉन अजून चिकट. आत्ता ओढलं तर साचा फाटणार. मी म्हणत होते, थोडं थांब. मामाजी दारापाशी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "घर उघडं राह्यलं असन तिकडं."

ते ऐकलं आणि वैशालीनं डबा उलटा केला, किल्ली ओढून काढली, धुतली आणि त्यांच्या हातात नेऊन दिली. साचा फाटला तो नेमका किल्लीच्या दात्यांपाशी.

तरीही तिनं त्यात मेण ओतलं, मोगऱ्याचं. समीर घरी असताना ती बिनदात्याची किल्ली मामाजींच्या समोर ठेवली. त्यांनी ती उचलली, आपली किल्ली शेजारी धरली, दोन्ही फिरवून पाहिल्या. "दातेच नाही इले. काय उघडन हे?" म्हणाले, आणि ती खिशात ठेवून दिली. तोंडाकडे हातसुद्धा गेला नाही. दुसऱ्या दिवशीही किल्ली खिशातच होती, अख्खी.

वैशालीनं समीरकडे पाहिलं. तो म्हणाला, "ही नाही खाल्ली. पण दुसरं काहीतरी खातील."

सोमवार बदलला नाही.

*

सोमवारी सकाळी त्यांची बॅग दाराबाहेर आली. मामाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. समीर लिफ्टच्या दारात पाय घालून उभा होता, त्यामुळं लिफ्ट टुंटुं वाजत होती. मी माझ्या दारात होते. वैशाली उंबऱ्याच्या आत, बाहेर यायला तयार नव्हती.

मामाजी लिफ्टपर्यंत गेले आणि परत फिरले. उंबऱ्याशी येऊन त्यांनी खिशातून मेणाची किल्ली काढली, वैशालीच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटली.

"हे तुह्यापाशी राहू दे. लोखंडाची माह्यापाशी आहे. एक जाणाऱ्यापाशी असते, एक घरातल्यापाशी. गॅसजवळ नोको ठेवू, मेणाची हाये."

वैशालीनं मूठ उघडली. "पण मामाजी, इले दाते नाहीत."

"तू आतून उघडशीन ना," ते म्हणाले. "मग दाते कायले पाह्यजे?"

समीरनं पाय काढून घेतला. लिफ्टचं दार बंद झालं आणि ती रिकामीच खाली गेली.