सासऱ्यांची ठासणीची बंदूक

बंदुकीची जन्मभर सेवा करून डुकराच्या केसालाही धक्का न लावणारा शिकारी अख्ख्या मुरबाड तालुक्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या नशिबी सासरा म्हणून आला. भाताच्या राखणीसाठी त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून घरात परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि परत येताना गंज घेऊन यायची. मग सासरे ओटीवर मांडी ठोकून बसत. नळीत कढत पाणी, मग चिंधीने घासणं, मग खोबरेल. एकदा दस्ता तडकला, तर घरातला सागवानी पाट तासून त्यांनी नवा बसवला. तेव्हापासून सासूबाई गोणपाटावर बसून जेवू लागल्या. नळीत ठासायची दारू मापायला त्यांचाच कुंकवाचा करंडा पळवलेला होता. मी जावई, मला घरात मोठा मान, पण बंदुकीला हात लावायची मनाई. "जावायबापू, तुमी चाय प्या. ठासताना बोलाचा नाय."

खरी गंमत शेतावर. जाळीत खसखसलं की सासरे बंदूक खाली ठेवून खणखणीत आवाजात विचारत, "कोण हाय रे? मानूस आसशील तर बोल!" डुक्कर काय बोलणार? ते सावकाश निघून जाई. हे डुकरांची हजेरी घेतात, असं गाव म्हणे. सासूबाई म्हणायच्या, "नुसतं इचारता काय, जेवायलाच बोलवा!" एकदा मीही पोट धरून हसलो. सासरे हसले नाहीत. बांधावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं.

तरुणपणी ते आणि त्यांचे थोरले भाऊ शिकारीला गेले होते. शेजारचा कान्हू जनावर उठवायला हाकारा करत जाळीमागून येत होता. पानं हलली, भावाने बार काढला. कान्हू जागीच गेला. भाऊ तुरुंगातच वारला. बंदूक मात्र काही वर्षांनी सुखरूप घरी आली.

"बार भावानं काढला," सासरे म्हणाले, "पन ठासली होती मी."

"मग टाकून का नाही दिलीत?"

"दुसऱ्या कोनी ठासली तर?"

समोरच राहणारी कान्हूची बायको, बायजाबाई, कान्हू गेला त्या दिवसापासून या घराची पायरी चढली नव्हती.

गेल्या वर्षी मोतीबिंदूने सासऱ्यांची नजर अंधुक झाली. मेव्हणा परवाना आपल्या नावावर करून घ्यायला निघाला. डुकरांनी निम्मं भात लोळवलं होतं, त्याचंही खोटं नव्हतं. पण सासऱ्यांनी ऐकलं नाही. मला सोबत घेऊन ते ठाण्यात गेले आणि बंदूक कायमची देऊन आले. मेव्हण्याने बापाशी अबोला धरला. "भात गेला तर फिरून लावता येतो," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बायजाबाई ओटीवर आली आणि बंदुकीच्या रिकाम्या खुंट्यांखाली बसली. ती म्हणाली, "भाऊ, चाय ठेवा." सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चहा केला आणि साखर विसरले. तिने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि विचारलं, "डोले दाखवाला कवा जाचा? मी येते संगती."

सासरे रिकामा कप घेऊन साखरेचा डबा शोधायला आत गेले. दवाखान्याचा दिवस मीच सांगितला.